निरपराध केसांचा ब्रश

घोडेगावच्या पेठेत सकाळी दुकानांच्या फळ्या निघाल्या की दोन वस्तू उन्हात लखलखायच्या. एक, भांडीवाल्याच्या दारात रचलेल्या पितळी घागरी. आणि दुसरी, समोरच्या अरिहंत जनरल स्टोअर्सच्या गादीवर बसलेल्या दलीचंद शेठची हनुवटी. घागरींना अधूनमधून चिंच लावावी लागे. हनुवटीची झळाळी मात्र बारमाही होती.

शेठ एरवी फार साधे. शर्टाची कॉलर विरली की ती उलटी करून घ्यायची, उलटी बाजू विरली की त्या शर्टाचा फडका करायचा, आणि फडकाही विरला की मग त्याच्याकडे जरा हळव्या नजरेनं बघत राहायचं, अशी त्यांची रीत. सिनेमा नाही, पान नाही, चहासुद्धा अर्धा कप. सगळ्या जन्माची चैन त्यांनी एकाच ठिकाणी साठवली होती. ती म्हणजे रोजची दाढी.

मागच्या पडवीत खिडकीच्या गजाला आरसा टांगलेला असे. खाली तांब्याची वाटी, वाटीत गोल साबण, आणि वाटीशेजारी, एखादा मानकरी बसावा तसा, ब्रश. लाकडी मुठीचा, गच्च पिवळसर केसांचा हा ब्रश त्यांना लग्नात घोडनदीच्या सासऱ्यांनी दिला होता. तो कोमट पाण्यात भिजत ठेवून शेठ तोवर नवकार मंत्र म्हणत. मग त्याला साबणावर असा काही फिरवत, की फेस वाटीच्या बाहेर डोकावून खाली किती उंची आहे ते बघे.

"आपल्या लग्नातल्या बासुंदीला एवढी साय नव्हती," भंवरीबाई म्हणायच्या.

"बासुंदी तुझ्या बापाची होती. ब्रशही त्यांचाच. निदान एक तरी वस्तू चांगली दिली."

"दोन दिल्या," भंवरीबाई म्हणत आणि आत जात. त्यांच्याशी बोलण्यात शेठ तीस वर्षांत एकदाही जिंकले नव्हते.

दाढीमागे शेठचं तत्त्वज्ञानही होतं. "दाढी वाढलेल्या दुकानदाराकडून लोक गूळसुद्धा हुंगून घेतात," असं ते म्हणत. त्यांच्याकडे गूळ विकायला नव्हताच. रिबिनी, कंगवे, बॅटरीचे सेल, वह्या आणि दाढीचं सामान एवढंच होतं. पण तत्त्वज्ञानाला माल लागत नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या चातुर्मासात घोडेगावच्या जैन स्थानकात एक वृद्ध महासतीजी, म्हणजे साध्वी, मुक्कामाला आल्या. अंगानं काडी, आवाज मात्र स्पष्ट आणि बोलणं दुपारच्या उन्हासारखं सरळ. एका सकाळी त्या अहिंसेवर बोलल्या. आपण मुंगी चुकवून चालतो, पण अंगावर काय काय मिरवतो ते बघत नाही, असं म्हणाल्या. व्याख्यान संपल्यावर लोक एकेक करून उठले आणि नियम घेऊ लागले. कुणी चामड्याचा पट्टा सोडला, कुणी पाकीट सोडलं. भंवरीबाईंनी रेशमी साड्या सोडल्या, आणि त्या सोडताना नवऱ्याकडे असं बघितलं, की आता सुती तरी चांगल्या आणा.

आता गावच्या जैन संघाचे जुने अध्यक्ष थकले होते आणि पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीच्या दिवशी, नवे ठरायचे होते. ती खुर्ची आपल्याला मिळावी असं शेठना फार वाटे. ते तसं कधी बोलत नसत. फक्त स्थानकात गेले की खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसत. सगळे उठून नियम घेताहेत म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात आपल्या अंगाची झडती घेतली. चपला रबरी. पट्टा नाहीच, पायजम्याला नाडी. पाकीट प्लॅस्टिकचं. रेशीम तर लग्नानंतर अंगाला लागलं नव्हतं. एवढं सोपं पुण्य पुन्हा हाताशी यायचं नाही! शेठ उठले, हात जोडले आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, "प्राण्याला मारून केलेली कुठलीही वस्तू आजपासून माझ्या अंगाला लागणार नाही! जन्मभर!"

स्थानकात 'धन्य हो' झालं. जुन्या अध्यक्षांनी मान डोलावली. शेठ तरंगतच घरी आले.

त्यांना जमिनीवर आणलं सावळेरामनं.

सावळेराम डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला. भात, नाचणी, थोडा हिरडा, आणि घायपाताचे दोर वळण्यात हात बसलेला. दर आठवडे बाजाराला तो डोंगर उतरून यायचा, दोर विकायचा, संपत न्हाव्याकडे आठवड्याची दाढी करायचा आणि मग शेठच्या ओट्यावर गप्पा मारत बसायचा. दोघांची दोस्ती जुनी होती आणि ती पूर्णपणे एकमेकांना टोचण्यावर चाललेली होती.

"शेठ, लई मोठी शपथ घेतली म्हनं तुमी."

"घेतली. तूही घे एखादी."

"आमचं काय, आमी शपथा पोरांच्या घेतो. पन मला सांगा, तुमचा तो दाढीचा बरश, त्ये केस कशाचे?"

"नायलॉनचे," शेठ म्हणाले.

"जनावराचे वाटत्यात."

"सावळेराम, माझे वडील कापडवाले होते. नायलॉन कुठला आणि अस्सल कुठला हे मला तू शिकवू नको. कापडातला एक धागा काढायचा, काडी लावायची. नायलॉन असला की वितळून गोळी होते. थांब, दाखवतोच."

गप्प बसले असते तर जन्म सुखात गेला असता. पण कापडवाल्याचा मुलगा तो! विपुलला, म्हणजे मुलाला, घरी पाठवून त्यांनी ब्रश मागवला. बाजाराचा दिवस, ओट्यावर दहाबारा गिऱ्हाइकं. शेठनी सगळ्यांना जवळ बोलावलं, जादूगार पत्ता काढतो तसा ब्रशातला एक केस उपटला, चिमटीत धरला आणि काडी ओढली.

गोळी झाली नाही. केस चर्र् करून आखडला, त्याची काळी राख झाली आणि असा काही वास सुटला, की शेजारच्या दुकानातून संपत न्हावी हातातला वस्तरा घेऊन धावत आला.

"कोनाचं डोकं पेटलं?"

मग सावळेराम हळूच म्हणाला, "गोळी नाय झाली, शेठ."

"म्हशीचा असेल," शेठ कसंबसं म्हणाले. "म्हशीचे केस आपोआप..."

"म्हशीचा कशानं?" संपत म्हणाला. "शेठ, हे बरश डुकराचे असत्यात. माझे समदे डुकराचेच हायेत. त्याच्याशिवाय फेस धरीत नाय. तुमाला ठावं नव्हतं?"

तीस वर्षं! शेठचा हात आपोआप उजव्या गालावर गेला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे आला. त्या दिवशी त्यांनी तीनदा अंघोळ केली. भंवरीबाई म्हणाल्या, "अहो, आता साबण संपेल. मग साबणात चरबी असते का ते कुणीतरी सांगेल."

"तू गप्प बस!" शेठ ओरडले, कारण ती भीती त्यांना आधीच वाटत होती.

ब्रश कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. दुकानातले तसले ब्रश पुण्याच्या व्यापाऱ्याकडे परत गेले. आता संवत्सरीला पंधरवडा उरला होता. तोपर्यंत निर्दोष ब्रश मिळवायचा, नाहीतर निवडुंगासारखा चेहरा घेऊन संघापुढे उभं राहायचं. आणि नियम तर सगळ्या गावापुढे घेतलेला. तो मोडला असता तर खुर्ची राहू दे, पेठेत मान वर करून बसणंही कठीण होतं.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या दुकानातला नायलॉनचा ब्रश काढला. हा ब्रश ते वर्षानुवर्षं "एक नंबर चीज" म्हणून विकत आले होते. सकाळी तो भिजवला, साबणावर फिरवला. फेस म्हणून जे काही आलं ते डोळे मिटून उघडेपर्यंत विरून गेलं. पाणी कोपरावरून ओघळून बनियनमध्ये शिरलं. कोरड्या गालावर पातं फिरलं आणि शेठ पडवीत एका पायावर नाचले.

"वासरानं चाटून मांजरानं ओरबाडल्यासारखं दिसतंय," भंवरीबाई म्हणाल्या.

"हा ब्रश मी लोकांना विकला?" शेठ आरशाला म्हणाले. त्या दिवशी जे जे जुनं गिऱ्हाईक समोरून गेलं, त्याच्याकडे ते अपराधी चेहऱ्यानं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नुसत्या हातानं फेस केला. शेठची दाढी म्हणजे डाळिंबाचे काटे. ब्रशानं ते खालून उचलले नाहीत तर पातं वरच्यावर घसरायचं. हनुवटीला कागदाचे तीन चिटोरे चिकटवून शेठ दुकानात बसले आणि एका बाईनं विचारलं, "शेठ, किंमत लावलीय का?"

मग सावळेराम कामाला लागला. त्याला मनातून वाईट वाटत होतं. शब्द त्याच्याच तोंडून निघाला होता. पुढच्या बाजाराला त्यानं पिशवीतून एक वस्तू काढली. घायपाताचा वाख कुटून, विंचरून, बांबूच्या कांडीत बसवलेला ब्रश. दिसायला देखणा होता.

"झाडाचा हाय, शेठ. जीव न्हाई, रगत न्हाई. घ्या."

शेठचे डोळे भरून आले. दुसऱ्या सकाळी मात्र ते वेगळ्या कारणानं भरून आले. घायपाताच्या कुंचल्यानं आमच्याकडे भिंतींना चुना देतात, आणि भिंती ओरडत नाहीत एवढाच काय तो फरक. शेठचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. बाजारात अफवा उठली की शेठना धावरं उठलंय आणि ते लागट असतं. दोघांतिघांनी दुकानाचा ओटा सोडला.

अशा चेहऱ्यानं शेठ स्थानकात बसले होते, समोर महासतीजी ओघ्यानं, म्हणजे साध्वींच्या मऊ झाडणीनं, जमीन पुंजत होत्या, आणि शेठची नजर त्या ओघ्यावर खिळली. ओघा लोकरीचा असतो. लोकर मेंढीची. आणि मेंढी तर जिवंत राहते! शेठ ताडकन उठून घरी गेले.

"सापडलं!" ते भंवरीबाईंना म्हणाले. "मारलं तर दोष. पण प्राण्यानं आपणहून टाकलेले केस? त्यात काय दोष? मोर पिसं टाकतोच ना!"

"मग मोराच्या पिसानं दाढी करा. शोभाल."

"निरपराध केस पाहिजेत. मारलेले नाही, कापलेले नाही, उपटलेले नाही. जनावरानं राजीखुशीनं गाळलेले."

सावळेरामचा जावई गोकुळ पिंपरी पेंढारला बैलगाडा शर्यतीतली घोडी सांभाळायचा. आपल्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात ती खाऊन पिऊन नुसती उभी असते. घोड्याचे केस ब्रशाला चालतात असं संपतनं सांगितलं. झालं! शेठ आणि सावळेराम एसटीनं मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याला उतरले आणि जीपला लटकून पिंपरी पेंढारात पोचले.

गोकुळनं चहा दिला, सासऱ्याच्या पाया पडला आणि सगळं ऐकून घेतलं. पोरगा सरळ होता. तो म्हणाला, "कापून देऊ का शेपटीचे? दोन मिनिटाचं काम हाय."

"कापून नाही. गळले पाहिजेत."

"गळतील की. घोडी केस टाकती ती उन्हाळ्याच्या तोंडाला. आता श्रावण सरतोय."

"पण एखादा तरी?"

"एखादा पडंल बी. बसा."

शेठ बसले. घोडीच्या मागं, जरा बाजूला, खाटेवर, गुडघ्यावर पांढरा रुमाल अंथरून. केस पडला की झेलायचा, कारण जमिनीवर पडला तर तो हिचाच कशावरून? घोडीनं मान वळवून या माणसाकडे बघितलं. तिच्या मागं आजवर पुष्कळ लोक लागले होते, पण सगळे पळत. असं बसून कुणी नव्हतं. दुपार उतरू लागली. रुमालात दोन माश्या, थोडा भुसा आणि एक केस जमा झाला. केस पांढरा होता. घोडी तांबडी होती. तो शेठचाच निघाला.

"राव, असं वाटीभर केस जमंस्तवर तुमची दाढी गुडघ्याला लागंल," सावळेराम म्हणाला. "मी जरा हात फिरवू का? जे सैल असतील ते येतील."

"नुसता हात. ओढायचं नाही."

"ओढतोय कुठं?"

तो ओढत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाचसहा केस धरून त्यानं अगदी प्रेमानं एक झटका दिला. घोडीनंही तेवढ्याच प्रेमानं उत्तर दिलं. खाटेचा पाय उडाला, खाट कलंडली आणि शेठ रुमालासकट लिदीच्या ढिगात जाऊन बसले. तिथून त्यांचे पहिले शब्द आले ते असे:

"तिला लागलं का?"

गोकुळ पोट धरून खाली बसला. सावळेराम मात्र हसला नाही. परतीच्या एसटीत त्यानं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "शेठ, मला वाटलं व्हतं तुमी खुर्चीपायी करताय."

"खुर्चीपायीच सुरू केलं," शेठ म्हणाले. "आता बंद कुठं करायचं ते कळत नाही."

संवत्सरी उजाडली. त्या वर्षी गावात गणपती बसून एकच दिवस झाला होता. एका बाजूला मांडवात स्पीकर, दुसऱ्या बाजूला स्थानकात शांतता. शेठ दाढी वाढलेल्या, जागोजागी सोललेल्या चेहऱ्यानं, निर्जळी उपासानं आणि लिदीत आपटलेल्या कमरेनं स्थानकात पोचले आणि महासतीजींपुढे हात जोडून त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "महाराज, तुम्हीच सांगा. दाढीला केस कुठले योग्य?"

"आम्हाला काय विचारता, भाऊ?" महासतीजी म्हणाल्या. "आमच्याकडे वस्तरा नाही, ब्रश नाही. आम्ही डोक्याचे केस हातानं उपटतो. तुम्हाला तो नियम हवा असेल तर देते."

शेठनी दोन्ही हात हनुवटीवर ठेवले. "एवढा मोठा नको, महाराज. माझी पात्रता नाही."

महासतीजींच्या तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती होती, त्यामुळे त्या हसल्या की नाही हे कुणाला कळलं नाही. पण मुहपत्ती हलत होती. मग त्या म्हणाल्या, "पुढचे केस शोधत हिंडलात. मागच्यांचं काय? आज खमावण्याचा दिवस. सगळ्या जिवांची क्षमा मागतो आपण. ज्याचे केस तीस वर्षं वापरले, त्याला विसरू नका."

त्यांचं म्हणणं एवढंच असावं, की संध्याकाळी प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला बसलात की मनात आठवण ठेवा. पण शेठ ऐकून तडक उठले. घरी जाऊन माळ्यावरचा ब्रश काढला आणि एसटी स्टँडच्या मागच्या नाल्याकडे चालू लागले. घोडेगावची डुकरं तिथं असतात. त्यांच्या मागं भंवरीबाई, भंवरीबाईंच्या मागं संघातले चारदोन जण, आणि त्यांच्या मागं, काहीतरी मोफत बघायला मिळतंय म्हणून, गणपतीच्या मांडवातली निम्मी मंडळी. बाजाराला आलेला सावळेरामही त्यात होता.

नाल्याच्या काठावर एक थोराड डुक्कर उकिरडा उकरत होतं. शेठ त्याच्यासमोर उभे राहिले. चपला काढल्या. हात जोडले.

"तीस वर्षं मला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कुणाचा जीव गेला त्याची क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्."

गर्दीतला हशा एकदम थांबला. शेठनी कापड सोडलं, ब्रश पुढं ठेवला आणि म्हणाले, "हे तुमचं तुम्हाला परत."

डुकरानं ब्रश हुंगला. आणि तोंडात धरून कराकरा चावायला सुरुवात केली.

शेठच्या चेहऱ्यावरचं पुण्य क्षणात उतरलं. "अरे! लाकूड आहे ते! खाली पितळेची कडी आहे! घशात अडकेल! मरेल ते!" असं ओरडत ते पायजमा गुडघ्यावर ओढून पुढं धावले. डुक्कर बिचकून नाल्यात उतरलं. शेठही उतरले. पुढं ब्रश चघळणारं डुक्कर, मागं गुडघाभर काळ्या चिखलात, निर्जळी उपासानं झोकांड्या खाणारे दलीचंद शेठ, हात जोडून, "थूक बाबा! थूक! पाया पडतो!" घोडेगावनं पुष्कळ मिरवणुका पाहिल्या, अशी नव्हती पाहिली. शेवटी सावळेरामनं खांद्यावरचा नवा दोर सोडून फास टाकला, डुकराला अडवलं आणि शेठनी त्याच्या जबड्यातून आपल्या हातानं ब्रश ओढून काढला. मूठ चिरली होती, पण कडी शाबूत होती. शेठनी ती तीनदा मोजल्यासारखी फिरवून बघितली, मग डुकराला वाट करून दिली आणि त्याच्या पाठमोऱ्या आकृतीला पुन्हा हात जोडले. एका सकाळी एकाच जीवाला दोनदा खमावणारे ते घोडेगावातले पहिलेच.

भंवरीबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. जिभेवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी संघाची बैठक झाली. कुणीतरी म्हणालं की डुकरामागं धावणारा अध्यक्ष बरा दिसेल का? जुने अध्यक्ष म्हणाले, "मुंगी चुकवणारे आपण सगळेच आहोत. उपासाला नाल्यात उतरणारा दाखवा दुसरा." दाखवता आला नाही. शेठ खुर्चीवर बसले. धूळ पुसायचं त्या दिवशी विसरले.

त्यानंतर ते नायलॉनच्या ब्रशानंच दाढी करू लागले. फेस धरत नाही, पाणी बनियनमध्ये शिरतं, गळ्याशी एखादा ओरखडा कायमचा. पेठेतली ती लखलख गेली. आता नुसत्या घागरी चमकतात. दुकानातही तेवढेच ब्रश ठेवतात आणि गिऱ्हाइकाला आधी आपला गाल दाखवतात.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला सावळेराम म्हणाला, "शेठ, धाकट्या मोहिनीचा नवरा येनार हाय सनाला. त्याला एक बरश द्या."

शेठनी ब्रश काढून ठेवला. "हा बघ. फेस होत नाही. गाल सोलतो. पाणी गळतं. घे."

"आवं, मग घेऊ कशाला?"

"कुणाची क्षमा मागावी लागत नाही."

सावळेरामनं ब्रश उलटासुलटा करून बघितला, अंगठ्यानं केस मागं वाकवले आणि परत गादीवर ठेवला.

"शेठ, जावई हाय राव. त्याला डुकराचाच मागवा. नाल्यावरून मी जातोच दर बाजाराला. त्याच्या वाटचं हात जोडीन."